डॉ. जॉर्ज पापानिकोलाउ

स्त्रियांच्या गर्भाशयमुखास होणारा कर्करोग आरंभीं दुखत नाहीं. म्हणून तो लपून वाढतो. त्यास वेळींच हुडकण्याची युक्ति काढणारे डॉ. पापानिकोलाउ ग्रीस देशांतील कीमी गांवीं १८८३ सालीं जन्मले. वडील डॉक्टर होते. पुत्रानेंहि अथेन्स येथें तीच पदवी घेतली. परंतु त्यांचें मन दवाखान्यापेक्षां शोधकार्यांत रमे.

१९१३ सालीं ते पत्नी मेरीबाईंसह न्यूयॉर्क शहरीं आले. जवळ पैसा नव्हता. मेरीबाईंनीं एका मोठ्या दुकानांत शिवणकाम धरिलें, आणि या विद्वान गृहस्थांनीं तेथेंच गालिचे विकले. पुढें कॉर्नेल वैद्यकीय महाविद्यालयांत त्यांस जागा मिळाली. तेथें गिनीपिग नामक लहान प्राण्यांच्या योनिमार्गांतील स्राव काचेवर पसरून ते सूक्ष्मदर्शक यंत्रानें पाहत. मग तीच परीक्षा स्त्रियांच्या बाबतींत करण्याचें ठरलें. त्या कामीं मेरीबाईंनीं अनेक वर्षें स्वतःच्या शरीराचा स्राव दिला. कीर्ति पतीची झाली. पण या बाईंवांचून तें कार्य उभें राहिलें नसतें असें आम्हांस वाटतें.

डोक्याचा कोंडा झडतो, तद्वत् गर्भाशयमुखाच्या पेशीहि झडत असतात, आणि रोगट पेशींचें रूप निराळें दिसतें. हें त्यांनीं १९२८ सालीं बॅटल क्रीक येथील परिषदेंत मांडिलें. कोणीं फारसें मनावर घेतलें नाहीं. दहा वर्षांनंतर डॉ. ट्राउट यांच्या साह्यानें त्यांनीं काम पुनः हातीं घेतलें. १९४३ सालीं ग्रंथ निघाला, तेव्हां वैद्यवर्गाचे डोळे उघडले. रोग पक्का होण्यापूर्वीं पेशींत बहुधा दहा किंवा अधिक वर्षें पालट होत असतो. तेवढ्या अवधींत तो सांपडल्यास लहानशा उपचारानें भागतें. डॉक्टरसाहेब १९६२ सालीं निवर्तले.

पेशी पारखणारी शिकलेली नजर खेड्यापाड्यांत दुर्मिळ. आपल्या उस्मानाबाद (आतां धाराशिव) जिल्ह्यांत १९९९ पासून लाखावर स्त्रियांवर निरनिराळ्या तपासण्यांचा प्रयोग झाला. त्यांत पापानिकोलाउ यांच्या पद्धतीनें मृत्यु विशेष घटले नाहींत. परंतु ज्या विषाणूमुळें हा रोग होतो, त्याची तपासणी जेथें एकदांच केली, तेथें मृत्यु सुमारें निम्मे झाल्याचें २००९ सालीं प्रसिद्ध झालें. सरकारी आरोग्य कार्यक्रमांत तीस वर्षांवरील स्त्रियांचें गर्भाशयमुख सौम्य ॲसेटिक आम्ल लावून पाहतात. त्यास कांहीं मिनिटेंच लागतात, आणि तें तपासणाऱ्या बहुधा परिचारिकाच असतात.