समजून घ्या : सी स्क्वर्टला आपला नातलग ठरवणारे कोवालेव्हस्की कोण होते?

बुलढाणा जिल्ह्यात समुद्र नाही. तरी बीएस्सीला प्राणिशास्त्र घेतलेल्यांना ‘हर्डमानिया’ हे नाव नक्की आठवेल. खडकाला चिकटलेली पिशवी, दाबली की पाण्याची पिचकारी मारणारी. म्हणून या गटाला ‘सी स्क्वर्ट’ म्हणतात. या पिशवीचं आपल्याशी नातं आहे, हे दाखवून दिलं अलेक्झांडर कोवालेव्हस्की यांनी.

त्यांचा जन्म 1840 चा, रशियन साम्राज्यातल्या, आज लाटव्हियात असलेल्या भागातला. सेंट पीटर्सबर्गमध्ये त्यांनी दळणवळण अभियांत्रिकीला प्रवेश घेतला आणि 1859 मध्ये ते अर्धवट सोडून निसर्गविज्ञानाकडे वळले. (इंजिनीअरिंगला जाऊन भलतंच काही करणं ही फक्त आपल्याकडची गोष्ट नाही!) गणितज्ञ सोफिया कोवालेव्हस्काया या त्यांच्या भावजय.

नेमकं काय पाहिलं?

सी स्क्वर्ट तेव्हा शंख-शिंपल्यांच्या जवळचे मानले जात. 1864 मध्ये कोवालेव्हस्की इटलीतल्या नेपल्सला गेले आणि अंड्यापासूनची वाढ सूक्ष्मदर्शकाखाली टप्प्याटप्प्याने पाहत बसले. अंड्यातून निघणारा डिंभ, म्हणजे पिल्लू, बेडकाच्या पिल्लासारखा पोहतो. त्याच्या शेपटीत नोटोकॉर्ड हा लवचिक दांडा असतो आणि त्यावर मज्जारज्जू. कणा असलेल्या प्राण्यांच्या भ्रूणातही हेच असतं. पुढे डिंभ डोक्याकडून खडकाला चिकटतो, शेपूट शरीरात विरते आणि पुरावाही जातो. म्हणूनच प्रौढ प्राणी पाहून कुणाला पत्ता लागला नव्हता.

हे संशोधन 1866 मध्ये छापून आलं. डार्विननी 1871 च्या पुस्तकात माणसाच्या वंशावळीसाठी त्याचा आधार घेतला. भ्रूणशास्त्राचे पितामह फॉन बेअर यांना मात्र ते पटलं नाही. गंमत म्हणजे, त्यांच्याच नावाचा पुरस्कार कोवालेव्हस्कींना 1867 मध्ये मेचनिकॉव्ह यांच्यासोबत मिळाला होता.

जाती कशा ओळखतात?

सगळ्यांचे डिंभ सारखेच दिसतात, असं वाटेल. पण सिओनाच्या डिंभात दोन काळे ठिपके असतात, एक प्रकाशासाठी, दुसरा तोल कळण्यासाठी. बॉट्रिलसमध्ये एकच ठिपका दोन्ही कामं करतो. चिकटण्याच्या उंचवट्यांची संख्या आणि मांडणीही पाहतात. वसाहतीने राहणाऱ्या जातींचे डिंभ सहसा मोठे असतात. सिओनाचा जेमतेम एक मिलिमीटर.

1874 मध्ये फ्रेंच शास्त्रज्ञ लाकाझ-द्यूतिए यांनी मोल्गुला वंशात बिनशेपटीचा डिंभ दाखवला. नात्याची मुख्य खूणच गायब! पण अशा जाती मोजक्याच निघाल्या आणि कोवालेव्हस्कींचा निष्कर्ष टिकला. पुढे ते सेव्हास्तोपोलच्या सागरी जीवशास्त्र केंद्राचे प्रमुख झाले. 1901 मध्ये सेंट पीटर्सबर्गमध्ये त्यांचं निधन झालं.