साहेबाचे ओटे आणि सर नॉर्मन लॉकियर

विजयदुर्ग किल्ल्यावरील कांहीं ओट्यांस लोक साहेबाचे ओटे म्हणतात. हे साहेब म्हणजे इंग्रज ज्योतिर्विद सर नॉर्मन लॉकियर होत. १८६८ सालच्या ग्रहणांत त्यांनीं येथूनच हेलियम वायूचा शोध लाविला, असें पुष्कळदां सांगण्यांत येतें. त्यांचें चरित्र पाहतां हकीकत निराळी आणि अधिक बोधप्रद दिसते.

लॉकियर यांचा जन्म १७ मे १८३६ रोजीं रग्बी या गांवीं झाला. ते लंडन येथें युद्धखात्यांत कारकुनी करीत व फावल्या वेळीं आकाश पाहत. प्रथम पावणेचार इंची व पुढें सव्वासहा इंची भिंगाची दुर्बीण त्यांनीं मिळविली. दोन्हींचीं भिंगें कुक या नामांकित कारागिराचीं होतीं.

हल्लींच्या खिशांत मावणाऱ्या जोडदुर्बिणींवर ८×२५ असे आंकडे असतात. पहिला आंकडा वस्तु किती पट मोठी दिसते हें सांगतो, दुसरा पुढील भिंगाचा व्यास मिलिमीटरांत सांगतो. आंकडे तेच असूनही एका दुर्बिणींतून गलबताची डोलकाठी स्वच्छ दिसते, तर दुसरींतून तिच्या कडेला जांभळी झालर उमटते. कांचेची जात, भिंगांची घासणी व मांडणी आंकड्यांत येत नाहीं. केवळ मोठें दाखविण्यांत यंत्राचा कस नसून, मिसळलेलें वेगळें करून दाखविण्यांत आहे.

लॉकियर यांनीं हेंच तत्त्व सूर्यास लाविलें. सूर्याच्या कडेच्या ज्वाला एरवीं आकाशाच्या उजेडांत लोपतात. वर्णपटदर्शकांत हा उजेड पसरून फिका पडतो. ज्वालांचा प्रकाश मात्र मोजक्या रेषांतच राहतो. १८६६ मधील त्यांच्या लहान यंत्रास हें साधलें नाहीं, आणि नवें यंत्र तयार होण्यास विलंब लागला. इतक्यांत १८ ऑगस्ट १८६८ चें खग्रास ग्रहण झालें. फ्रेंच पंडित जान्सेन यांनीं गुंटूर येथें दुसऱ्याच दिवशीं, ग्रहण नसतांनाही, त्या रेषा पाहिल्या. लॉकियर यांस त्या २० ऑक्टोबर रोजीं इंग्लंडांत दिसल्या. दोघांचीं पत्रें पॅरिसच्या अकादमीपुढें एकाच दिवशीं आलीं. फ्रेंच सरकारनें दोघांच्या मुद्रांचें पदक पाडलें. त्यांतील एक पिवळी रेषा कोणत्याही ज्ञात द्रव्याची नव्हती. तीच हेलियमची. १८९५ सालीं रॅमझे यांस हा वायु पृथ्वीवरील खनिजांतही सांपडला.

मग विजयदुर्गाचा संबंध कोठें येतो? २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास ग्रहणासाठीं एकसष्ट वर्षांचे लॉकियर येथें आले. मेल्पोमिनी या आरमारी जहाजावरील खलाशांच्या साहाय्यानें, भिंगापुढें लोलक बसविलेल्या कॅमेऱ्यांनीं त्यांनीं वर्णपटाचीं छायाचित्रें घेतलीं.

१८६९ सालीं त्यांनीं स्थापिलेलें नेचर हें नियतकालिक अद्याप चालू आहे. १६ ऑगस्ट १९२० रोजीं ते निवर्तले.

हेलियम येथें सांपडला नाहीं, म्हणून ओट्यांचें मोल घटत नाहीं. कीर्ति मिळून तीस वर्षें लोटल्यावरही, अधिक चांगलें यंत्र घेऊन पुन्हां पाहण्यासाठीं एक वृद्ध अभ्यासक समुद्र ओलांडून येथवर आला. किल्ला पाहावयास जाल, तेव्हां सोबत्यांस १८९८ हें खरें साल सांगा.