बांबूला षटकोनी करणारा हायरम लेनर्ड

आमचं जिते पेण तालुक्यात. पनवेल-रोहा गाडीने आपटा गेलं की जिते, मग हमरापूर, पेण. आमच्याकडे गरवायला जायचं म्हणजे बांबूची काठी, दोरी आणि गळ, बास. पण याच काठीवर अमेरिकेत एका माणसाने पेटंटं घेतली, कारखाना काढला, आणि त्याच्या हातचे रॉड आज संग्राहक म्युझियमच्या वस्तूसारखे जपतात. मेकॅनिकलवाल्यांना तरी तो माहीत असायला हवा, म्हणून हा लेख.

हायरम लेनर्डचा जन्म १८३१ सालचा, अमेरिकेच्या मेन राज्यातला. तरुणपणी पेनसिल्व्हेनियात कोळशाच्या कंपनीत त्याने इंजिनीअर म्हणून यंत्रं सांभाळली. पुढे मेनला परतला आणि जंगलात रमला. शिकार, कातड्यांचा व्यापार, बंदुका बनवणं, फावल्या वेळात बासरी. थोरो या लेखकाने १८५७ च्या प्रवासात घोडागाडीत भेटलेल्या एका देखण्या शिकाऱ्याचं वर्णन केलंय, तो लेनर्डच असं मानतात.

१८७१ साली बँगोर गावात त्याने स्वतःसाठी एक लाकडी रॉड बनवला. बोस्टनच्या एका दुकानाने तो पाहिला आणि चिरलेल्या बांबूचा रॉड जमेल का म्हणून विचारलं. ही कल्पना त्याची नव्हे बरं का. ईस्टनचा बंदूक कारागीर सॅम्युएल फिलिप याने १८४० च्या दशकातच असे रॉड केले होते. पण एकेक काठी तासत बसणं वेगळं आणि उत्पादन काढणं वेगळं.

आता थोडं एस.ओ.एम. (घाबरू नका, ओरल घेत नाहीये!) काठी वाकली की सगळ्यात जास्त ताण बाहेरच्या थरावर येतो, आणि बांबूचे दणकट धागे नेमके सालीलगतच दाटलेले असतात. म्हणून बांबू उभा चिरायचा, त्याच्या साठ अंशांच्या त्रिकोणी पट्ट्या काढायच्या आणि साल बाहेर ठेवून सहा पट्ट्या चिकटवायच्या. झाला भरीव षटकोन. जुने कारागीर मग त्याच्या कडा तासून काठी गोल करायचे, म्हणजे जो माल हवा तोच भुशात! लेनर्डच्या रॉडने षटकोन तसाच ठेवायची पद्धत रुळवली.

आणि हा बांबू कुठला? आपल्या देशातला! कलकत्ता बंदरातून जायचा म्हणून त्याचं नाव कलकत्ता केन. हाच भरीव जातीचा बांबू मेळघाटात, गडचिरोलीतही वाढतो. त्याच्या सालीवर तापल्या लोखंडाचे काळे डाग असायचे, ते रॉडवरही दिसतात.

पट्टी टोकाकडे निमुळती होत जाते, आणि सहाही पट्ट्या केसाइतक्या फरकाने सारख्या हव्यात. हाताच्या रंध्याने यात दिवस जातात. लेनर्डने १८७६ च्या सुमारास यासाठी यंत्र बसवलं. ते कुलूपबंद खोलीत ठेवलेलं असे म्हणतात.

मला स्वतःला त्याचा फेरूल जास्त आवडतो. फेरूल म्हणजे रॉडचे तुकडे जोडायची धातूची नळी. तिच्यात पाणी शिरून बांबू कुजायचा, त्यावर १८७५ चं पेटंट. नळीच्या कडेशी काठी हटकून मोडायची, कारण कडक धातू संपून लवचीक बांबू सुरू होतो तिथेच ताण एकवटतो. लेनर्डने नळीच्या कडेला उभ्या चिरा दिल्या, त्यामुळे तीही थोडी वाकू लागली. हे १८७८ चं पेटंट. आपण स्ट्रेस कॉन्सन्ट्रेशन म्हणून रट्टा मारतो ते हेच.

या पेटंटच्या तारखा फेरूलवर ठोकलेल्या असत, आणि आज रॉडचं वय काढायला त्याच कामी येतात. १८७८ ची तारीख असेल तर रॉड त्याआधीचा नाही. लेनर्ड १८८१ ला न्यूयॉर्क राज्यात सेंट्रल व्हॅलीला गेला, म्हणून बँगोरचा ठसा म्हणजे त्याआधीचा. दोरी ओवायच्या सुट्या हलत्या कड्या जुन्या, तर नागमोडी तारेच्या नंतरच्या. जवळजवळ रेशमी दोऱ्याचे वेढे म्हणजे सरसावर कारागिराचा भरवसा नव्हता तो काळ. डागांचा कलकत्ता बांबू गेला आणि चीनचा टोनकिन आला तो साधारण विसाव्या शतकाच्या सुरुवातीला. मात्र एकाच खुणेवर निकाल देऊ नये. फेरूल बदलतात, कड्या बदलतात, वॉर्निश तर हमखास नवं देतात. सगळ्या खुणा एकाच काळाकडे बोट दाखवत असतील तरच खरं.

कुलूपबंद खोलीचा उपयोग किती झाला? त्याच्या हाताखाली तयार झालेले थॉमस, एडवर्ड्स आणि पेन बाहेर पडले आणि १८९० च्या दशकात तितकेच नावाजले. विक्री आणि पैशाची बाजू न्यूयॉर्कच्या मिल्स या व्यापारी घराण्याकडे गेली होती. लेनर्ड १९०७ साली वारला. नाव मात्र धंद्यात राहिलं, लेनर्ड छापाचे रॉड १९८० च्या दशकापर्यंत निघत होते. त्यामुळे नुसतं नाव वाचून भागत नाही. टोनकिन बांबू आणि रीळ स्क्रूने आवळायची सोय एकत्र दिसली, तर ठसा काहीही म्हणो, मी तरी तो रॉड हायरमच्या हातचा धरणार नाही.