डॉ. पॉल हॅरिसन : पाणबुड्यांचे डॉक्टर

बहरीनचे मोती एके काळी मुंबईच्या बाजारात येत. ते काढणाऱ्या पाणबुड्यांची आठवण मात्र थोड्यांनाच होई. अशांपैकी एक, डॉ. पॉल हॅरिसन, यांचा परिचय आम्ही वाचकांस करून देत आहोत.

1883 साली अमेरिकेत जन्मलेले हे शल्यविशारद जॉन्स हॉपकिन्समध्ये शिकले, अरबी भाषा शिकले आणि मनामाच्या मिशन इस्पितळात रुजू झाले. पाणबुड्यांचे कान निकामी होत; पण मोठे दुखणे होते नाखव्याच्या कर्जाचे. बाप मेला तरी ते मुलाच्या माथी बसे. पाणबुड्यांची ही कर्जबाजारी स्थिती डॉक्टरांनी 1924 च्या ‘द अरब ॲट होम’ या ग्रंथात मांडली. त्याच दशकात बहरीनमध्ये कायद्याने पाणबुड्यांच्या हिशेबाच्या वह्या सक्तीच्या झाल्या.

1962 साली डॉक्टर निवर्तले. रोगाबरोबर रोग्याची उपजीविकाही तपासणे, हेही संशोधनच, असे आम्हांस वाटते.