मालकाचा पगार, श्रोत्याशी इमान

खेळाचे धावते वर्णन करणारा माणूस नेमका कोणाचा सेवक? पगार देणाऱ्या क्लबमालकाचा, खर्च उचलणाऱ्या जाहिरातदाराचा, की मैदानापासून दूर बसून केवळ त्याच्या शब्दांवर विसंबणाऱ्या श्रोत्याचा? अमेरिकेतील बेसबॉलचे विख्यात नभोवाणी-समालोचक रेड बार्बर यांच्या कारकीर्दीत हा प्रश्न वारंवार उभा राहिला. त्यांचे उत्तर एकच होते आणि त्याची किंमतही अखेर त्यांनाच मोजावी लागली.

वॉल्टर लॅनियर बार्बर यांचा जन्म १७ फेब्रुवारी १९०८ रोजी मिसिसिपी राज्यातील कोलंबस येथे झाला. लहानाचे मोठे झाले ते फ्लोरिडात. लाल केसांमुळे ‘रेड’ हे नाव त्यांना कायमचे चिकटले. फ्लोरिडा विद्यापीठात मिळेल ते काम करून शिकत असताना १९३० साली विद्यापीठाच्याच नभोवाणी केंद्रावर एका गैरहजर प्राध्यापकाऐवजी गाईंच्या प्रसूतीविषयीचा निबंध वाचण्याची पाळी त्यांच्यावर आली. इतक्या रूक्ष विषयातून त्यांचा आवाज प्रथम लोकांपर्यंत पोहोचला. १९३४ मध्ये सिनसिनाटी रेड्स या क्लबने त्यांना आठवड्याला २५ डॉलरवर नेमले. त्या हंगामाच्या पहिल्या दिवशी त्यांनी ज्या सामन्याचे वर्णन केले, तोच त्यांनी आयुष्यात पाहिलेला पहिला मेजर लीग सामना होता.

त्या काळी क्लबमालकांना नभोवाणीची धास्ती वाटे. घरबसल्या फुकट सामना ऐकायला मिळाला, तर तिकीट कोण काढणार, असा त्यांचा सरळ हिशेब होता. न्यूयॉर्कमधील तिन्ही क्लबांनी तर आपसांत करार करून पाच वर्षे धावत्या वर्णनावर बंदीच घातली होती. ती मुदत संपताच १९३९ मध्ये ब्रुकलिन डॉजर्सचे लॅरी मॅकफेल यांनी बार्बर यांना सिनसिनाटीहून बोलावून घेतले. त्या हंगामात डॉजर्सचे प्रेक्षक घटण्याऐवजी वाढले. यात संघाच्या सुधारलेल्या खेळाचा वाटा होताच. परंतु वर्णन ऐकून ऐकूनच माणसाला मैदानाची ओढ लागते, हेही मालकांना उमगले.

बार्बर यांची पद्धत साधी होती. अंडे उकडण्याची वेळ मोजणारे तीन मिनिटांचे वाळूचे घड्याळ ते समोर ठेवीत. वाळू संपली की धावसंख्या सांगायची आणि घड्याळ उलटे करायचे. मध्येच रेडिओ लावणाऱ्यालाही ताटकळावे लागू नये, हा त्यामागील विचार. परगावच्या सामन्यांचे वर्णन तेव्हा तारेने येणाऱ्या त्रोटक संदेशांवरून केले जाई. अनेक समालोचक टाळ्यांचे व फटक्यांचे कृत्रिम आवाज काढून आपण मैदानावरच असल्याचा भास निर्माण करीत. बार्बर मात्र तारयंत्राची टकटक श्रोत्यांना मुद्दाम ऐकू देत. आपण प्रत्यक्ष सामना पाहत नाही, हे लपविणे त्यांना अप्रामाणिकपणाचे वाटे.

या निष्ठेची खरी कसोटी १९४५ मध्ये लागली. मेजर लीगमध्ये कृष्णवर्णीय खेळाडूंना तोवर अलिखित बंदी होती. ती मोडण्याचा आपला बेत डॉजर्सचे ब्रँच रिकी यांनी बार्बर यांना विश्वासात घेऊन सांगितला. वर्णभेद मुरलेल्या दक्षिणेत वाढलेल्या बार्बर यांच्या मनात प्रथम नोकरी सोडण्याचाच विचार आला. पत्नी लायला यांनी घाई न करण्याचा सल्ला दिला. विचारांती त्यांना आपले काम स्पष्ट दिसले: कोणी खेळावे हे ठरविणे नव्हे, तर जे घडते ते सांगणे. १५ एप्रिल १९४७ रोजी जॅकी रॉबिन्सन मैदानावर उतरला, तेव्हा इतर खेळाडूंचे वर्णन होई तसेच त्याचेही झाले; ना कमी, ना अधिक. ज्या ब्रुकलिनमध्ये घरोघरी बार्बर यांचा आवाज ऐकला जाई, तेथे या समभावाचे मोल मोठे होते. या अनुभवाने आपणच अधिक चांगला माणूस झालो, अशी त्यांची पुढे भावना होती.

त्याच वर्षीच्या वर्ल्ड सिरीजमध्ये यांकीजच्या बिल बेव्हन्सने डॉजर्सला बराच काळ एकही यशस्वी फटका मिळू दिला नाही. अशा वेळी त्या गोष्टीचा उच्चारही करू नये, असा रूढ संकेत. बार्बर यांनी ती बातमी सांगितलीच. शेवटच्या क्षणी बेव्हन्सचा पराक्रम हुकला आणि अपशकुनाचे खापर बार्बर यांच्यावर फुटले.

१९५३ मध्ये वर्ल्ड सिरीजसाठी प्रायोजक ठरवील ते मानधन निमूटपणे घेण्यास त्यांनी नकार दिला. क्लबमालकाने पाठराखण केली नाही, तेव्हा ते न्यूयॉर्क यांकीजकडे गेले. १९६४ मध्ये तो क्लब सीबीएस या प्रक्षेपण कंपनीच्या हाती गेला आणि १९६६ मध्ये तर संघ तळाला पोहोचला. २२ सप्टेंबर १९६६ रोजी साठ हजारांहून अधिक आसनांच्या स्टेडियममध्ये अवघे ४१३ प्रेक्षक होते. बार्बर यांनी रिकाम्या आसनांवर कॅमेरा फिरविण्यास सांगितले. वरून नकार आला. तेव्हा त्या दिवसाची खरी बातमी खेळ नसून हे रितेपण आहे, असे त्यांनी प्रेक्षकांना शब्दांतून सांगितले. काही दिवसांतच करार पुढे चालू राहणार नसल्याचे त्यांना कळविण्यात आले.

बेसबॉलच्या जगाने १९७८ मध्ये फ्रिक पुरस्कार देऊन त्यांचा गौरव केला. त्यांनी घडविलेले व्हिन स्कली २०१६ पर्यंत डॉजर्सचे समालोचक राहिले. स्वतः बार्बर १९८१ पासून सार्वजनिक नभोवाणीवर दर शुक्रवारी श्रोत्यांशी संवाद साधत राहिले. २२ ऑक्टोबर १९९२ रोजी त्यांचे निधन झाले.

ज्याच्या मालाचे वर्णन करायचे त्यानेच वर्णनकर्त्याला पोसायचे, ही व्यवस्था आजही मोडलेली नाही. क्रीडांगणापुरती ती मर्यादितही नाही. त्या व्यवस्थेत राहूनही सत्य सांगता येते, हे बार्बर यांनी दाखविले. मात्र सत्याची किंमत एकट्या सांगणाऱ्यानेच मोजायची असेल, तर असे आवाज विरळच राहणार.