बेंजामिन फ्रँकलिन: टॉवरच्या अर्थिंगमागचा माणूस

मोबाईल टॉवरच्या पायाशी कधी नीट बघितलंय? बऱ्याच ठिकाणी तिथून तांब्याची जाड तार किंवा पट्टी खाली जाते आणि जमिनीत ठोकलेल्या रॉडला जोडलेली असते. हेच अर्थिंग. याची सुरुवात करून दिली एका छापखानेवाल्याने.

बेंजामिन फ्रँकलिन यांचा जन्म १७०६ चा, बोस्टनमधला. वडील मेणबत्त्या आणि साबण बनवायचे. शाळा जेमतेम दोन वर्षं झाली. मग मोठ्या भावाच्या छापखान्यात उमेदवारी, आणि १७ व्या वर्षी तिथून फिलाडेल्फियाला पळ! तिथे छापखाना, वर्तमानपत्र आणि वार्षिक पंचांग यांवर त्यांनी चांगला पैसा कमावला. १७४८ मध्ये धंदा भागीदाराकडे सोपवून ते विजेच्या प्रयोगांत रमले.

१७५२ चा त्यांचा पतंग सगळ्यांना माहीत आहे. पण त्या पतंगावर वीज पडली नव्हती. पडली असती तर ते वाचलेच नसते. ढगाळ हवेतला विद्युतभार ओल्या दोरीतून खाली आला आणि किल्लीतून ठिणगी उडाली, एवढंच. त्यानंतर त्यांनी लोकांना उपाय सांगितला: छतावर टोकदार लोखंडी सळी लावा आणि तिचं खालचं टोक ओल्या जमिनीत तीन-चार फूट गाडा. याचं पेटंटही त्यांनी घेतलं नाही.

जमिनीशी जोड नसेल तर काय होतं? १७५३ मध्ये सेंट पीटर्सबर्गला गेऑर्ग रिखमान नावाचे शास्त्रज्ञ अशाच सळीवर प्रयोग करत होते. मोजमापासाठी ती सळी जमिनीला जोडलेली नव्हती. वीज आली आणि त्यांचा जागीच मृत्यू झाला.

पुढे फ्रँकलिन यांना साऊथ कॅरोलायनातल्या एका घराची माहिती मिळाली. तिथली सळी हुकांनी एकमेकांत अडकवलेल्या तुकड्यांची होती. वीज पडली तेव्हा नेमके हे हुकच वितळले. कारण सोपं आहे: सैल जोडात फट राहते, तिथे ठिणगी उडते आणि सगळी उष्णता तिथेच साठते. सळी जमिनीतही फार खोल नव्हती. त्यावरून सळी जाड हवी आणि ओल लागेपर्यंत खोल हवी, असं फ्रँकलिन यांचं मत झालं.

आजही टॉवरच्या अर्थिंगमध्ये घोळ होतो तो बहुतेकदा जोडावरच. नट-बोल्टचा क्लॅम्प मातीत गंजतो, सैल पडतो. सोल्डर विजेच्या उष्णतेने वितळू शकतं. म्हणून एक्झोथर्मिक वेल्डिंग करतात. ग्राफाइटच्या साच्यात तार आणि रॉड ठेवायचे, वर कॉपर ऑक्साइड आणि ॲल्युमिनियमची पावडर पेटवायची. ॲल्युमिनियम ऑक्सिजन ओढून घेतं, वितळलेलं तांबं खाली उतरतं आणि काही सेकंदांत दोन्ही एकजीव होतात. फटच उरत नाही.

फ्रँकलिन १७९० मध्ये वारले, तेव्हा रेडिओसुद्धा नव्हता. पण वीज नियम बदलत नाही. रॉड कितीही भारी घ्या, जोड कच्चा असेल तर अर्थिंगही कच्चंच.