आंरी पितो : नदीत बुडवलेली नळी आणि विमानातला वेगमापक



जुन्या बोइंग ७०७ विमानाच्या कॉकपिटचा फोटो मुलांना दाखवून बघा. एवढी घड्याळं कशाला, हा प्रश्न हमखास येतो. त्यातली एक तबकडी उंची सांगते, एक विमान सरळ आहे की कललंय ते सांगते आणि एक वेग सांगते. मोटारीचा वेग चाकांच्या फिरण्यावरून कळतो, पण आकाशात चाकं फिरणार कशावर? तिथे जी युक्ती वापरतात ती आंरी पितो यांची. ते १७७१ साली वारले, म्हणजे माणूस पहिल्यांदा फुग्यातून आकाशात गेला त्याच्या बारा वर्षं आधीच.

(नाव ऐकून वर्गात हशा पिकणार, "सर, पाणी पितो का?" म्हणून. फ्रेंच उच्चार मात्र हाच आहे. आपल्याकडे इंजिनिअरिंगची मुलं ‘पिटोट ट्यूब’ म्हणतात.)

पितो यांचा जन्म ३ मे १६९५ रोजी दक्षिण फ्रान्समधल्या आरामों या गावी झाला. पालकांनी हा भाग नीट वाचा. लहानपणी आंरीला अभ्यासाचा मनापासून कंटाळा होता. शाळेत काही जमेना, पुढे तो सैन्यात गेला. त्या काळात ग्रनोबल शहरातल्या एका पुस्तकांच्या दुकानात भूमितीचं एक पुस्तक त्याच्या हाती पडलं आणि त्याला ते आवडलं. मग घरी परत येऊन त्याने गणित आणि खगोलशास्त्राचा अभ्यास सुरू केला, तोही कुणी मागे न लागता.

१७१८ मध्ये तो पॅरिसला गेला. तिथे रेओम्यूर या मोठ्या शास्त्रज्ञांनी त्याला हाताशी घेतलं आणि आपली पुस्तकं वाचायला खुली करून दिली. १७२४ मध्ये पितो फ्रेंच विज्ञान अकादमीत दाखल झाले. पुढच्याच वर्षी त्यांनी भूमितीतला एक सुंदर नियम मांडला. चौकोनाच्या आत चारही बाजूंना टेकणारं वर्तुळ बसत असेल, तर समोरासमोरच्या बाजूंची बेरीज सारखीच येते. उदाहरणार्थ ५ आणि ९, तर दुसरी जोडी ६ आणि ८. पाचवी-सहावीच्या मुलांना पट्टी घेऊन हे मोजायला द्या, छान रमतात.

आता नदीकडे येऊ. त्या काळी बऱ्याच जाणकारांचं मत होतं की नदीत जितकं खोल जावं तितका प्रवाह वेगवान होतो. ग्रंथांत तसंच लिहिलेलं. पण खोल पाण्याचा वेग मोजणार कसा? पाण्यावर तरंगणारी वस्तू फक्त वरचाच वेग सांगते.

१७३२ मध्ये पितो यांनी लाकडी दांड्यावर काचेच्या दोन नळ्या बसवल्या. एक सरळ, दुसरी खालच्या टोकाला काटकोनात वाकवलेली. वाकलेलं तोंड प्रवाहाच्या समोर धरायचं. वाहतं पाणी त्यात घुसतं, अडतं आणि नळीत वर चढतं. सरळ नळीतलं पाणी मात्र नदीच्या पातळीजवळच राहतं. दोन्हींमधला फरक मोजला की वेग कळतो. सेकंदाला १ मीटर वेग असेल तर पाणी साधारण ५ सेंटिमीटर चढतं. वेग दुप्पट झाला की १० नाही, २० सेंटिमीटर! पॅरिसच्या सेन नदीत त्यांनी ही नळी वेगवेगळ्या खोलीवर धरली. आकडे ग्रंथांच्या उलट निघाले, खोल जाताना वेग कमी होत होता. तळाशी पाणी घासतं ना, म्हणून.

१७४० नंतर ते आपल्या प्रांतात, लांगदोकमध्ये परतले. दलदली आटवणं, कालवे, पूल अशी कामं त्यांनी केली. मोंपेलिये शहराला पाणी आणणाऱ्या त्यांच्या जलवाहिनीच्या उंच कमानी आजही उभ्या आहेत. २७ डिसेंबर १७७१ रोजी जन्मगावीच त्यांचं निधन झालं.

नळी मात्र पुढे गेली. एकोणिसाव्या शतकात दार्सी या फ्रेंच इंजिनिअरने ती सुधारली आणि विमानं आल्यावर पाण्याच्या जागी हवा आली. विमानाच्या नाकाजवळ पुढे तोंड करून असलेली छोटी नळी दिसते ना, तीच ही. तिच्यात घुसणाऱ्या हवेचा दाब आणि विमानाच्या अंगावरच्या बारीक भोकातून मिळणारा बाहेरच्या हवेचा साधा दाब, यांतल्या फरकाने ७०७ च्या तबकडीमागची पातळ धातूची डबी फुगते आणि काटा सरकतो. तत्त्व सेन नदीतलंच.

त्या नळीचं तोंड बंद झालं तर? १ जून २००९ रोजी रिओहून पॅरिसला निघालेल्या एअर फ्रान्सच्या विमानात बर्फाच्या कणांनी या नळ्या थोडा वेळ तुंबल्या. वेगाचे आकडे चुकले, ऑटोपायलट बंद पडला, गोंधळलेल्या वैमानिकांना विमान सावरता आलं नाही. २२८ जण गेले. खरं तर बर्फ धरू नये म्हणून या नळ्या विजेने तापवतात. विमान जमिनीवर उभं असताना किडे, धूळ जाऊ नये म्हणून त्यांवर टोपण घालतात आणि त्याला लाल फीत लटकवतात. उड्डाणाआधीच्या फेरीत ती टोपणं निघाली की नाहीत, हे डोळ्यांनी बघावंच लागतं. पुढच्या वेळी मुलांना उभ्या विमानाचा फोटो दाखवाल तेव्हा ती लाल फीत शोधायला सांगा.